घर विकायला काढलंय आणि लेकरं घरातच असतात. काय काय सांभाळायचं?

गुलमोहर_सिडको | ३ मे, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. घर विकायच्या कागदपत्रांवर इथे भरपूर धागे आहेत, पण मला पडलेला प्रश्न त्यात सापडला नाही, म्हणून नवीन काढते.

छत्रपती संभाजीनगरला सिडकोत आमचं जुनं रो-हाऊस आहे. ह्यांची बदली नाशिकला झाली. जूनमध्ये लेकरांच्या शाळा तिकडेच सुरू होणार, म्हणून घर विकायला काढलं. गेटला पाटी लावली, 'घर विकणे आहे', खाली दोन मोबाइल नंबर. मोठी लेक नऊ वर्षांची, धाकटा साडेतीनचा. सासूबाई घरी असतात, पण त्यांना कमी ऐकू येतं. मी दोनपर्यंत नोकरीवर.

परवा घरी आले तर लेक गेटातच उड्या मारत होती. "आई, आज मी घर दाखवलं!"

एक माणूस आला, बेल वाजवली, पाटी बघून आलो म्हणाला. हिनं दार उघडलं. आजी आत झोपलेली. मग आम्ही गिऱ्हाइकाला दाखवतो अगदी त्याच क्रमानं हिनं सगळं दाखवलं. हॉल, स्वयंपाकघर, "हे कपाट भिंतीतलं आहे, हे तुम्हालाच राहणार", वरची खोली, गच्ची. वर सगळी माहितीही पुरवली. बाबा नाशिकला असतात, शनिवारी येतात. आई दोनला येते. आजीला ऐकू येत नाही. मागच्या दाराची कडी नीट बसत नाही, पण बाबा ती करून देणार आहेत.

माणूस भला निघाला. "बेटा, मी संध्याकाळी येतो" म्हणून गेला आणि संध्याकाळी बायकोला घेऊन खरंच आला. जाताना त्यानंच मला बाजूला बोलावून सांगितलं, "मॅडम, पोरगी हुशार आहे, पण असं करू देऊ नका." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

लेकीला रागवू तरी कशी? तिनं रोज जे बघितलं तेच केलं. आम्ही अनोळखी माणसांना हसत घरात घेतो, पाणी देतो, पार झोपायच्या खोलीपर्यंत नेतो, आणि तिला सांगतो की अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही. तिनं यातलं काय खरं मानायचं?

लेकरं घरात असताना ज्यांनी घर विकलंय, त्यांनी अनुभव सांगा. अजून महिनाभर हेच चालणार आहे.

बिनधास्त | ३ मे, रात्री १०:४१

एवढं काय घ्यायचं डोक्याला! आमच्या लहानपणी दारं दिवसभर उघडी असायची, कोणीही यायचं, पाणी पिऊन जायचं. आम्ही वाढलोच की.

सातबारा | ३ मे, रात्री १०:५५

घर लेकरांच्या नावावर असेल किंवा त्यात त्यांचा वारसाहक्कानं हिस्सा लागला असेल, तर कोर्टाच्या परवानगीशिवाय विकू नका. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६, कलम ८. नैसर्गिक पालक म्हणून आई-बाप सही करतात आणि मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करायला कोर्टात जाऊ शकतं. उताऱ्यावर 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) दिसलं की गिऱ्हाइकाचा वकील आधी तेच विचारतो.

गुलमोहर_सिडको | ३ मे, रात्री ११:०२

सातबारा काका, धन्यवाद, पण तुम्ही बहुतेक नुसतं शीर्षक वाचलंत :) घर आम्हा दोघांच्या नावावर आहे. लेकरं फक्त त्यात राहतात.

बिनधास्त, तेव्हा दारं उघडी असायची आणि समोरच्या ओट्यावर चार म्हाताऱ्या बसलेल्या असायच्या. आता समोरच्या घरात दिवसभर कुलूप असतं.

घरजोड्या | ४ मे, सकाळी ७:१५

ताई, मी याच धंद्यात आहे. संभाजीनगर आणि जालना, दोन्हीकडं घरं दाखवतो. तुमच्या लेकीनं केलं ते मी पाच-सहा घरांत बघितलंय. फरक एवढाच की तुम्हाला कळलं.

पाटी काढायची गरज नाही, बदलायची आहे. 'फोन करून येणे, वेळ संध्याकाळी ५ ते ७' एवढं मोठ्या अक्षरात लिहा. नंबर एकच ठेवा आणि तो फोन लेकरांच्या हाती लागता कामा नये. आम्ही फोन करतो तेव्हा निम्म्या घरांत पहिलं लेकरूच उचलतं आणि "मम्मी बाहेर गेली, मी एकटाच आहे" असं घडाघडा सांगून टाकतं. घरात एक वही ठेवा. आलेल्या माणसाचं नाव, गाव, फोन, कुणी पाठवलं ते त्यालाच लिहायला लावा. खऱ्या गिऱ्हाइकाला राग येत नाही. ज्याला राग येतो त्याला घर घ्यायचंच नसतं, त्याला नुसतं हिंडायचं असतं.

एका वेळी एकच पार्टी. आणि त्यांना घरात पांगू देऊ नका. दोघं वर चढले, एक खाली 'पाणी पितो' म्हणून थांबला, असं नको. आधी सगळे मिळून खाली, मग सगळे मिळून वर.

जाहिरातीच्या फोटोंचं तर बोलायलाच नको. परवा एकानं व्हिडिओ टाकला, त्यात खुंटीवर शाळेचं दप्तर, दप्तरावर शाळेचं नाव, भिंतीवर पोराच्या नावाचं प्रशस्तिपत्र, शेजारी किल्ल्यांचा बोर्ड. मी फोन करून म्हटलं, दादा, घर विकायचंय का पोराची ओळख परेड करायचीय? फोटो काढायच्या आधी फ्रिजवरचं वेळापत्रक, बक्षिसं, वाढदिवसाचे फोटो, सगळं उतरवून ठेवा. तसंही रिकामी भिंत फोटोत मोठी दिसते.

नांदेडची_सून | ४ मे, सकाळी ९:३०

फोटोंचं शंभर टक्के खरं. आमच्या घराचा असाच व्हिडिओ घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरनं कुठच्या कुठं गेला. नणंदेच्या ऑफिसातल्या माणसानं तिला पाठवला, "हे तुमच्या भावाचं घर का?"

पैठणवाला | ४ मे, दुपारी १:१०

अनोळखी माणसाचं बोलणं चाललंय, ते बरोबरच आहे. पण मला वाटतं तुमच्या घरात त्याहून मोठी गोष्ट गेटापासून चार पावलांवर आहे. रो-हाऊस म्हणताय म्हणजे पोर्चमध्ये जमिनीखाली हौद असणारच.

गारखेड्यातलं आमचं घर विकायला काढलं होतं तेव्हाची गोष्ट. आपल्याकडं गिऱ्हाईक आधी काय विचारतं ते इथल्या लोकांना सांगायला नको. किती खोल्या, पूर्वेचं दार आहे का, हे सगळं नंतर. आधी, "पाण्याचं काय?" नळ कितव्या दिवशी येतो, किती वेळ येतो, हौद किती लिटरचा? जायकवाडी भरलेलं असो की आटलेलं, आपला नळ आपल्याच तारखेला येतो. मग मालक छाती काढून हौदाचं झाकण उचलून दाखवतो. मीही दाखवलं. "बघा, पाच हजार लिटर, आठ दिवस बघायचं काम नाही." त्यांनी मोबाइलच्या टॉर्चनं आत बघितलं, मान डोलावली आणि विचारलं, वरची टाकी किती? मी म्हटलं, चला दाखवतो. आम्ही तिघं जिना चढून वर.

झाकण तसंच राहिलं.

त्यांच्यासोबत तीन वर्षांचं पोरगं होतं. पायात ते पिक-पिक वाजणारे बूट. माझी आई पोर्चमधल्या खुर्चीत बसून मेथी निवडत होती, तिची पाठ हौदाकडं. वर आम्ही टाकी, सोलर, स्लॅब बघतोय. आणि खालून आईची हाक आली, ती अशी की मी अजून झोपेत ऐकतो. नंतर ती म्हणाली, मला काही दिसलं नाही, आवाजही झाला नाही. फक्त पिक-पिक थांबलं.

पोरगं आत होतं. त्या दिवशी नळाची पाळी येऊन सहा दिवस झाले होते, म्हणून हौदात जेमतेम दीड फूट पाणी. तरी ते तोंडावर पडलेलं, उठता येत नव्हतं. मी उडी टाकली, गुडघे फुटले, पोरगं बाहेर काढलं. दवाखान्यात नेलं, रात्रभर ठेवलं, सकाळी घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी आमचा नळ आला, हौद काठोकाठ भरला. मी त्या पाण्याकडं बघून मटकन खाली बसलो. जन्मभर आम्ही ज्या पाणीटंचाईला शिव्या घातल्या, तिनंच ते पोर वाचवलं होतं.

ती पार्टी परत आली नाही. घर पुढं दुसऱ्यांनी घेतलं. पण मला कळलं ते एवढंच: घर दाखवणारा माणूस आणि लेकरं राखणारा माणूस, दोन वेगळे पाहिजेत. एकच माणूस दोन्ही करूच शकत नाही. दाखवताना तुमचं सगळं ध्यान गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं असतं, त्याला घर आवडलं का ते बघण्यात.

गुलमोहर_सिडको | ४ मे, दुपारी १:४८

वाचून हातपाय गार पडले. आमचा हौद पोर्चमध्येच, दोन बाय दोनचं पत्र्याचं झाकण, त्यावर एक वीट. बस, वीट. आणि हो, आम्हीही प्रत्येकाला उघडून दाखवतो.

आजच वेल्डिंगवाल्याला बोलावते.

लातूरकर_बापू | ४ मे, दुपारी ३:२०

आमच्याकडं पन हेच बगा. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पानी आलतं लातूरला, तवापासनं ज्यानं त्यानं हौद मोठा करून घेतलाय. कुनाचा दहा हजार लिटर, कुनाचा त्याहून मोठा. आनि आमच्याकडं गिऱ्हाईक आजून एक करतंय, भितीवर मूठ आपटून बगतंय. त्र्यान्नवचा भूकंप बगितलेली मानसं हायत, दगड-मातीची भीत का विटा-सिमेटची, हे त्यास्नी आधी कळाय लागतंय. संभाजीनगरवाले हौद उगडून बगतेत, आमचे भीत ठोकून.

ताई, नुसतं वरचं झाकण भागत नाही. त्याच्या खाली लोखंडी जाळी बसवून घ्या, बिजागरीची, कुलूपवाली. म्हंजे झाकण उगडलं तरी पानी दिसतंय, मोजता येतंय, पन लेकरू आत जात नाही. गिऱ्हाइकाला जाळीतनंच दाखवायचं. कुलपाची चावी मोटरच्या चावीला बांदायची न्हाई, लेकराच्या हाताला लागती ती.

परभणीचा_डॉक्टर | ४ मे, रात्री ९:०५

मी बालरोगतज्ज्ञ आहे. पैठणवाल्यांच्या आईनं जे सांगितलं ते लक्षात ठेवा. बुडणारं लहान मूल ओरडत नाही, हातपायही फारसे मारत नाही. चित्रपटातलं बुडणं वेगळं. त्याला फार खोल पाणीही लागत नाही, बादलीतलं वीतभर पाणी वर्षाच्या लेकराला पुरतं. घर झाडून-पुसून चकाचक करायच्या नादात पोछ्याची बादली भरलेली राहते, तीही बघा.

पाण्यातून काढलेलं मूल श्वास घेत नसेल तर उलटं धरून गरगर फिरवू नका. आजही लोक हेच करतात. सपाट जागेवर झोपवा, मान किंचित मागे, हनुवटी वर, तोंडानं आधी पाच श्वास द्या, छाती उचललेली दिसली पाहिजे. मग छातीच्या मधोमध दाब, मिनिटाला १०० ते १२०, छातीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे खोल. तीस दाब, दोन श्वास, तीस दाब, दोन श्वास. दुसऱ्या कुणाला तरी १०८ लावायला सांगा. आणि मूल शुद्धीवर आलं, रडलं, तरी दवाखान्यात न्याच. पाणी फुप्फुसात गेलं असेल तर त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.

आणखी एक, हे घर बदलणाऱ्यांकडं मी हटकून बघतो. सामान बांधताना लोक कपाटाचे खालचे कप्पे आधी रिकामे करतात, कारण तिथं हात लवकर पोचतो. वर पितळेची भांडी तशीच. खाली हलकं, वर जड. लेकरू ड्रॉवर ओढून त्यावर पाय ठेवतं आणि अख्खं कपाट अंगावर घेतं. टीव्ही भिंतीवरून उतरवून स्टुलावर ठेवलेला असतो, तोही तसाच. कपाट वरून रिकामं करत या, आणि टीव्ही सगळ्यात शेवटी काढा. काढलाच तर जमिनीवर भिंतीला टेकवून.

रिमोट, जुनी घड्याळं, खेळणी यांतले बटणासारखे चपटे सेल सामान आवरताना जमिनीवर सांडतात. ते गिळले तर अन्ननलिकेला दोन तासांत भाजल्यासारखी जखम होऊ शकते. वाट बघायची नाही, केळं भरवायचं नाही, सरळ दवाखाना.

बिनधास्त | ४ मे, रात्री ९:३०

डॉक्टर साहेब, असं वाचलं तर माणूस घर विकणारच नाही.

परभणीचा_डॉक्टर | ४ मे, रात्री ९:३४

विका की. फक्त कपाट वरून रिकामं करा.

वायरमन_जालना | ५ मे, सकाळी ८:००

मे महिना आहे आणि कूलरचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

गिऱ्हाईक येणार, खिडकी मोकळी दिसली पाहिजे, म्हणून कूलर खिडकीतून काढतात आणि पोर्चमध्ये किंवा हॉलच्या मधोमध आणून ठेवतात. एक्स्टेंशन बोर्डावर. त्या बोर्डाला दोनच पिनांची वायर, म्हणजे अर्थिंग गेलं. खाली शहाबादी फरशी, तिच्यावर पाणी सांडलेलं, लेकराचे ओले अनवाणी पाय, आणि पत्र्याच्या बॉडीत करंट उतरलेला. बाकी काही लागत नाही. कूलरमध्ये पाणी भरताना नुसतं बटण बंद करून चालत नाही, प्लग काढायचा. आणि ते काम लेकराला सांगायचं नाही, "बाळा, जरा पाइप धर" असंसुद्धा नाही.

लोक म्हणतात आमच्याकडं एमसीबी आहे. एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही. माणूस वाचवायला आरसीसीबी लागते, ३० मिलिअँपिअरची. करंट अंगातून जमिनीत जायला लागला की क्षणात पाडते. तिला एक टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातनं एकदा दाबून बघा, पडली पाहिजे. पडली नाही तर ती नुसती शोभेची.

आणि घर विकणाऱ्यांची खास सवय. सौदा ठरला की आपले पंखे, ट्यूब, झुंबर, गिझर काढून घ्यायचे आणि वायरींची टोकं काळी टेप गुंडाळून लोंबती सोडायची. गिझरची आणि वॉशिंग मशीनची टोकं तर लेकराच्या हाताच्या उंचीवर. शंभर रुपयांचे कनेक्टर आणि कव्हर प्लेट बसवून जा. तुमचं लेकरू गेलं तरी पुढच्याचं येणार आहे तिथं.

गच्चीवरची_तुळस | ५ मे, सकाळी ८:४०

वायरमन दादा, आत्ता उठून ते बटण दाबून बघितलं. नाही पडली. तुमचे आभार मानू का रडू?

वायरमन_जालना | ५ मे, सकाळी ८:५२

आधी बदला, मग रडा.

जुनं_माळवद | ५ मे, दुपारी १२:१५

आमचं अंबाजोगाईजवळ खेड्यात वडिलोपार्जित माळवदाचं घर. दोन वर्षांखाली भावकीनं मिळून विकलं. रिकामं करायला चार भाऊ, चार जावा आणि मिळून नऊ लेकरं गेलो, सुट्टीच होती, लेकरांना वाटलं सहल.

दोन गोष्टी सांगतो. पहिली कोठीच्या खोलीतली. ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीत आजोबांच्या वेळेपासून किडीच्या गोळ्या ठेवायचो. सेल्फॉस म्हणतात त्या, अॅल्युमिनिअम फॉस्फाइड. फडक्याच्या पुरचुंडीत बांधून धान्यात खुपसायच्या. कोठी पालथी केली तर तळाला अशा दोन पुरचुंड्या आणि कोनाड्यात एक अर्धी नळी. माझ्या सात वर्षांच्या पुतण्यानं ती उचलून विचारलं, "काका, ह्या पेपरमिंटच्या का?" त्या गोळीला ओल लागली की विषारी वायू सुटतो आणि त्याच्यावर उतारा नाही. शेतकऱ्याच्या घरात हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणूनच कुणी लपवून ठेवत नाही, कोनाड्यात दिव्याशेजारी असतात. खोली रिकामी करताना लेकरं बाहेर, दारं-झरोके उघडे, आणि गोळी फुटली तर तिच्यावर पाणी ओतायचं नाही. फवारणीची औषधं थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवलेली असतात, तीही आधी बघा.

दुसरी गोष्ट, ट्रंका. तीस वर्षं न हललेल्या लाकडी फळ्या, गोवऱ्या, ट्रंका हलवल्या की विंचू निघणारच. पुतणीला बोटाला नांगी मारली. लाल विंचू. धोका मोठ्या माणसालाही असतो, पण लेकराला फार जास्त. अर्ध्या तासात तिला दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार. भावजय म्हणत होती मांत्रिक आहे गावात. मी गाडी काढली. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी प्राझोसिनची गोळी दिली, रात्रभर नजरेखाली ठेवलं. ही गोळी विंचवाच्या विषावर चालते हे ज्यांनी महाडला राहून जगाला दाखवून दिलं, ते डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. २०२२ला पद्मश्री मिळाली त्यांना. तिथल्या तरुण डॉक्टरनंच मला रात्री हे सांगितलं, आणि त्या अवस्थेतही बरं वाटलं.

तर, जुनं घर रिकामं करायला लेकरं न्यायची नाहीत. निरोप घ्यायला न्या, एक दिवस, सगळं निघाल्यावर.

रंगारी_बीड | ५ मे, संध्याकाळी ६:२५

घर विकायच्या आधी लोक रंग काढतात. काढा, पण राहत्या घरात लेकरांसमोर जुना ऑइलपेंट घासू नका. दारं-खिडक्यांवरच्या जुन्या रंगात शिसं असायचं. आपल्याकडं घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको हा नियम नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याच्या आधीचे थरावर थर तुमच्या दारावर आहेत. पॉलिश पेपरनं कोरडं घासलं की ती धूळ फरशीवर बसते, रांगणारं लेकरू ती हातानं तोंडात नेतं. ओलं करून घासायचं, त्या खोलीला पडदा लावायचा, संध्याकाळी झाडू नाही, ओलं फडकं. आम्हाला कुणी सांगत नाही असं, पण सांगितलं तर करतो.

थिनर पाण्याच्या बाटलीत ओतून देणारा आमच्यातलाच असतो, हे कबूल. ती बाटली दिसली तर त्याला बोला. डॉक्टर साहेब, थिनर पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची ना?

परभणीचा_डॉक्टर | ५ मे, संध्याकाळी ७:१०

नाही! थिनर, रॉकेल, टर्पेंटाइन, यांत उलटी अजिबात काढायची नाही. वर येताना फुप्फुसात जातं आणि खरं नुकसान तिथंच होतं. काही पाजू नका, बाटली बरोबर घ्या आणि दवाखाना गाठा. बरं झालं विचारलंत.

नांदेडची_सून | ५ मे, रात्री १०:३०

मी वेगळंच लिहिणार आहे, खपवून घ्या.

आम्ही तरोड्यातलं घर विकलं तेव्हा मुलगा सात वर्षांचा. त्याला आम्ही काही सांगितलंच नाही, म्हटलं लहान आहे, त्याला काय कळतंय. पाटी रोज सकाळी गायब व्हायची. आम्हाला वाटलं शेजाऱ्यांचा खोडसाळपणा. चौथ्या पाटीला कळलं, हा रात्री काढून गादीखाली ठेवायचा. मग गिऱ्हाइकांना सांगायला लागला, "मोरीत साप निघतो." एक पार्टी त्यामुळं खरंच गेली. आम्ही हसलो, रागावलो, विषय संपला.

नवीन घरी गेल्यावर आठव्या दिवशी शाळेतून आलाच नाही. दीड तास. जुन्या घराच्या गेटसमोर फुटपाथवर बसलेला सापडला. शाळा तीच होती, त्याच्या पायांना तोच रस्ता पाठ होता. मधे मोठा रस्ता, ट्रक, सगळं ओलांडून. नवीन मालकांनी त्याला पाणी दिलं होतं, पण त्यांच्याकडं आमचा नवा नंबर नव्हता.

म्हणून, ताई, लेकीला आणि धाकट्यालासुद्धा आत्ताच सांगा. कधी जायचं, कुठं जायचं. नवीन पत्ता आणि एक मोबाइल नंबर गाण्यासारखा पाठ करून घ्या. आणि घर घेणाऱ्यांकडं, जुन्या शेजाऱ्यांकडं तुमचा नंबर ठेवा.

बिनधास्त | ५ मे, रात्री ११:१५

माझं पहिलं वाक्य मागे घेत नाही, पण एक सांगतो. आमच्या त्या उघड्या दारांच्या काळात आमच्या गल्लीतला एक मुलगा आडात पडून गेला होता. त्याचं नाव आमच्या घरात कुणी काढत नसे. हे आत्ता, तुमचं सगळं वाचताना आठवलं.

घरजोड्या | ६ मे, सकाळी ७:४०

ताई, लेकीचं काय केलंत मग? रागावू नका तिला. तिला काम द्या. माझ्याकडं एका घरात दहा वर्षांची मुलगी वही सांभाळायची. आलेल्याकडून नाव लिहून घ्यायची, आईशेजारी उभी राहून. तिला घर दाखवल्याचा मान मिळाला आणि दार उघडायची हौस संपली.

गुलमोहर_सिडको | २६ मे, रात्री ९:४५

सगळ्यांचे उपकार. उशिरा लिहितेय, कारण मधे खूप काही झालं.

पाटी बदलली. मी घरात नसताना कुणी यायचं नाही, बेल वाजली तर लेकीनं खिडकीतूनच म्हणायचं, "आई अंघोळीला गेलीय, फोन करा." एकटी आहे असं नाही, आई नाही असंही नाही. एक परवलीचा शब्द ठरवला, तो जो सांगेल त्याच्याबरोबरच जायचं, मग मामा का असेना. शब्द तिनंच निवडला, इथे लिहीत नाही. दोघांनाही बसवून अंगाला हात लावण्याचं जे बोलायचं ते बोलले, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर तिला पाठ करायला लावला, हे विकण्या-बिकण्याच्या आधीच करायला हवं होतं. मागच्या दाराची कडी त्याच शनिवारी बसवली.

वही लेकीकडे दिली. घरजोड्या दादा, तुम्ही म्हणालात तसंच झालं. फार कडक आहे ती. एका काकांनी नुसतं आडनाव लिहिलं तर परत दिली, "पूर्ण नाव लिहा."

दाखवायला मी, राखायला शेजारच्या काकू. पार्टी यायची वेळ झाली की धाकटा त्यांच्याकडे, आणि आलेल्यांचं लेकरू असेल तर लेक आणि सासूबाई मिळून त्याला हॉलमध्ये खेळणी घेऊन बसवतात. सासूबाईंना ऐकू येत नाही, पण नजर घारीची आहे. त्यांची खुर्ची आता हौदाकडे तोंड करून असते.

काल इसार झाला. जालन्याचं कुटुंब आहे, त्यांनाही दोन वर्षांची मुलगी. पहिल्या दिवशी त्यांनीही आधी तेच विचारलं, पाण्याचं काय. मी झाकण उचललं, खाली जाळी, जाळीला कुलूप. त्यांच्या बायकोनं वाकून जाळी दोन्ही हातांनी हलवून बघितली. मग खोल्या न बघताच मला विचारलं, "ही तुम्ही काढून नेणार नाही ना?"

इसारपावतीत लिहून घेतलं त्यांनी. भिंतीतली कपाटं, सोलर, पाण्याची मोटर, आणि 'हौदावरील लोखंडी जाळी कुलपासह, चाव्या दोन'.

लातूरकर_बापू | २६ मे, रात्री १०:१०

ब्येस झालं ताई. वेल्डिंगवाल्यानं किती घेतले वो?

गुलमोहर_सिडको | २६ मे, रात्री १०:१४

अठराशे. कुलूप वेगळं.

लातूरकर_बापू | २६ मे, रात्री १०:१६

दोनशे जास्तीचे घेतले बगा.